साडेदहा कोटींचा पोग्बा आणि तिन्ही बाजूंचा एजंट

ऑगस्ट २०१६ मध्ये पॉल पोग्बा युव्हेंटस सोडून मँचेस्टर युनायटेडला परतला आणि ट्रान्सफर फीचा, म्हणजे खेळाडूसाठी एका क्लबाने दुसऱ्याला मोजलेल्या रकमेचा, जागतिक विक्रम मोडला. किंमत साडेदहा कोटी युरो, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे ८ कोटी ९० लाख पौंड. २०१३ मध्ये रेआल माद्रिदने गॅरेथ बेलसाठी मोजलेली रक्कम मागे पडली. पुढच्या वर्षी नेमार पॅरिसला गेला, तोवर पोग्बा हाच जगातला सगळ्यात महागडा फुटबॉलपटू होता. त्या काळात चर्चा एकाच मुद्द्यावर घोळत राहिली: हा पोरगा एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे का?

मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. युनायटेडने जेवढे पैसे मोजले त्यातले युव्हेंटसच्या हाती किती राहिले? या दोन आकड्यांमध्ये साडेचार कोटी युरोंहून मोठी फट आहे. क्लब एजंटांवर पैसा कसा आणि का उधळतात हे समजून घ्यायचं असेल, तर या एका व्यवहाराइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं सापडणं कठीण. कारण इथे कागद बाहेर आले. एरवी ते येत नाहीत.

आधीची चार वर्षं

पोग्बा मूळचा पॅरिसच्या पूर्वेकडचा. रुआसी-आँ-ब्री या उपनगरातल्या क्लबात तो लहानाचा मोठा झाला, मग एक हंगाम तोर्सीत, मग ल हाव्रच्या अकादमीत. २००९ मध्ये, सोळाव्या वर्षी, युनायटेडने त्याला उचललं. मुख्य संघात मात्र जेमतेम सात सामने मिळाले. २०१२ च्या जानेवारीत निवृत्त झालेल्या पॉल स्कोल्सला परत बोलावण्यात आलं, तेव्हा आपला नंबर कधी लागणार हे त्या मुलाला कळेना. करार संपत आला होता. एजंट होता मिनो रायोला. रायोला आणि युनायटेडचे मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसन यांचं पहिल्यापासून जुळलं नाही, आणि फर्ग्युसन यांनी पुढे ते उघडपणे सांगितलंही. नवा करार झालाच नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात पोग्बा तुरीनला, युव्हेंटसकडे गेला आणि युनायटेडला मिळाली फक्त प्रशिक्षणाची भरपाई, दहा लाख पौंडांच्याही आतली.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो, कारण पुढे टीका करायची आहे. त्या वेळचा रायोलांचा सल्ला योग्य होता. पोग्बा युव्हेंटसमध्ये चार हंगाम खेळला आणि चारही हंगामांत संघाने लीग जिंकली. २०१५ मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्येही खेळला. एकोणिसाव्या वर्षी जगातल्या सगळ्यात ताकदवान मॅनेजरसमोर बसून 'मी जातो' असं म्हणायला कोणाचं तरी पाठबळ लागतं. क्लबाकडे वकील असतात, हिशेबनीस असतात, वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. खेळाडूकडे दहा-बारा वर्षांची कारकीर्द आणि दोन गुडघे. एजंट असायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न चार वर्षांनी सुरू होतो.

निवेदनातलं एक वाक्य

युव्हेंटस ही शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. त्यामुळे एवढी मोठी विक्री झाली की तिला जाहीर निवेदन काढावं लागतं. पोग्बाच्या विक्रीनंतर निघालेलं निवेदन अगदी छोटं होतं. मोबदला साडेदहा कोटी युरो, दोन आर्थिक वर्षांत मिळणार. काही अटी पूर्ण झाल्या तर आणखी ५० लाख. आणि शेवटी एक वाक्य: या व्यवहारातून सुमारे ७ कोटी २६ लाख युरोंचा फायदा, सॉलिडॅरिटीचा वाटा (खेळाडूला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना द्यायचा हिस्सा) आणि अनुषंगिक खर्च वजा जाता.

साडेदहा कोटींतून ७ कोटी २६ लाख वजा करा. उरतात ३ कोटी २४ लाख. पोग्बा जवळपास फुकटात आलेला, त्यामुळे युव्हेंटसच्या वह्यांत त्याची शिल्लक किंमत फारशी नसणार. सॉलिडॅरिटीचा वाटा नियमाने फीच्या जास्तीत जास्त पाच टक्के, म्हणजे ५२ लाख ५० हजार. मग बाकीचे कुठे गेले? 'अनुषंगिक खर्च' या दोन शब्दांत. नंतरच्या वार्षिक अहवालात हा खर्च सुमारे २ कोटी ६० लाख युरो असल्याचं दिसलं. विकणाऱ्याला एक खेळाडू विकायला अडीच कोटींहून जास्त खर्च येतो, ही माहिती पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर होती, फक्त वजाबाकी करायची बाकी होती. मला या प्रकरणातला हा भाग फार बोलका वाटतो. लपवाछपवी न करताही एखादी गोष्ट किती छान झाकता येते, ते इथे दिसतं.

मे २०१७ मध्ये 'फुटबॉल लीक्स' या नावाने फुटलेली गोपनीय करारांची कागदपत्रं जर्मनीच्या 'डेर श्पीगल'च्या पत्रकारांनी उघड केली आणि त्या खर्चाला नाव मिळालं. कागदांनुसार रायोलांच्या वाट्याला या एका व्यवहारातून एकूण ४ कोटी ९० लाख युरो येणार होते. त्यातले २ कोटी ७० लाख युव्हेंटसकडून. १ कोटी ९४ लाख युनायटेडकडून, पाच हप्त्यांत. आणि २६ लाख खुद्द पोग्बाकडून.

वर्तमानपत्रांनी मथळे दिले की एजंटने फीचा जवळपास अर्धा भाग खाल्ला. गणित तसं नाही, आणि ते नीट समजून घेतलं तर जास्त अस्वस्थ व्हायला होतं. युव्हेंटसचे २ कोटी ७० लाख हे साडेदहा कोटींच्या आतून गेले. युनायटेडचे १ कोटी ९४ लाख साडेदहा कोटींच्या वर गेले. म्हणजे युनायटेडला खेळाडू पडला १२ कोटी ४४ लाखांना, पगार आणि बोनस सोडून. युव्हेंटसच्या हाती राहिले ७ कोटी ८० लाख, आणि त्यातूनही सॉलिडॅरिटी जाणारच. घेणाऱ्याचा खर्च आणि विकणाऱ्याची कमाई यांतलं अंतर ४ कोटी ६४ लाख. त्यात खेळाडूचे २६ लाख मिळवले की ४ कोटी ९० लाखांचा हिशेब पुरा होतो.

एक माणूस, तीन खुर्च्या

विकणाऱ्याला किंमत जास्त हवी असते. घेणाऱ्याला कमी हवी असते. खेळाडूला किमतीशी फारसं देणंघेणं नसतं, त्याला पगार हवा असतो. आणि घेणाऱ्याने फीवर जितके जास्त उडवले तितकं पगारासाठी कमी उरतं. तिघांचे हितसंबंध एकमेकांच्या थेट विरोधात जातात. या तिघांकडूनही एकच माणूस पैसे घेतो, याचा अर्थ काय घ्यायचा? एकच वकील वादीचाही, प्रतिवादीचाही आणि साक्षीदाराचाही असावा, असं कोणत्याही न्यायालयात चालणार नाही.

त्यातही युव्हेंटसबरोबरची अट महत्त्वाची. बाहेर आलेल्या कागदांनुसार विक्रीची किंमत जसजशी चढेल तसतसा एजंटचा वाटा वाढणार होता. आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघा. युनायटेड त्याच एजंटला पावणेदोन कोटींहून जास्त देतंय, कशासाठी? सौदा जमवून देण्यासाठी. आणि त्याच सौद्यात फी प्रत्येक लाखाने वाढावी यात त्या एजंटचा स्वतःचा फायदा आहे. युनायटेडने स्वतःविरुद्ध बोली लावणाऱ्या माणसाला पैसे मोजले, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग त्यांनी मोजले का? मूर्ख होते म्हणून नव्हे. आदल्या हंगामात युनायटेड लीगमध्ये पाचव्या क्रमांकावर राहिलं होतं, चॅम्पियन्स लीग हुकली होती, जोझे मोरिन्यो मॅनेजर म्हणून नव्याने आले होते आणि क्लबाला मोठं नाव हवं होतं. त्याच उन्हाळ्यात झ्लातान इब्राहिमोविच आणि हेन्रिख म्खितार्यान हेही युनायटेडला आले. दोघेही रायोलांचेच खेळाडू. ज्याच्याकडे तीन दारांच्या किल्ल्या आहेत त्याच्याशी एका दारावरून भांडायचं कसं? एजंटची ताकद इथे असते. विकणाऱ्याला हवा असतो खेळाडूचा होकार, कारण तो नाही म्हणाला तर विक्रीच होत नाही. घेणाऱ्यालाही हवा असतो तोच होकार. तो होकार ज्याच्या शब्दावर मिळतो, त्याला दोन्हीकडून पैसे मिळतात. म्हणून क्लबांची तक्रार मी पूर्ण मान्य करत नाही. एजंटांच्या नावाने बोटं मोडणारे क्लबच खेळाडूंच्या पुढच्या खरेदी-विक्रीच्या मोसमात त्याच एजंटला आधी फोन करतात, कारण आपण नाही केला तर शेजारचा करेल.

युव्हेंटसची गोष्ट थोडी वेगळी. पोग्बाचा करार २०१९ पर्यंतचा होता, तो फुकटात निघून जाण्याची भीती नव्हती. तरी विक्रीत एजंटला वाटा. फुटबॉलमध्ये असा वाटा बहुतेक वेळा आधीच कबूल केलेला असतो: खेळाडू यावा म्हणून, किंवा करार वाढवून मिळावा म्हणून. आज रोख द्यायचे नाहीत, उद्याच्या नफ्यातून द्यायचे. क्लबाच्या खजिनदाराला हे सोयीचं वाटतं. पण त्या दिवसापासून खेळाडू तिथेच टिकावा यापेक्षा तो महाग विकला जावा यात त्याच्याच सल्लागाराला रस निर्माण होतो.

फिफाने चौकशी केली. १ मे २०१५ पासून खेळाडूच्या भावी ट्रान्सफर किमतीत तिसऱ्या कोणाचा वाटा असणं नियमबाह्य ठरलं होतं, आणि किमतीबरोबर वाढणारं कमिशन त्या नियमाच्या फार जवळ जातं. जून २०१७ मध्ये युनायटेडवर कारवाई होणार नाही हे स्पष्ट झालं. युव्हेंटसविरुद्ध शिस्तभंगाची प्रक्रिया सुरू झाली. पण तिन्ही बाजूंनी पैसे घेणं, संबंधितांची लेखी संमती असेल तर, तेव्हाच्या नियमांत बसत होतं. मला खटकतं ते हेच.

हिशेबाच्या वहीत

असा खर्च क्लबाच्या संचालकांना टोचत का नाही? एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. खेळाडू विकत घेताना दिलेली फी त्या वर्षीचा खर्च म्हणून पडत नाही. ती मालमत्ता म्हणून नोंदली जाते आणि कराराच्या वर्षांत समान वाटून खर्ची पडते. पोग्बाचा करार पाच वर्षांचा, म्हणजे ८ कोटी ९० लाख पौंड दरवर्षी सुमारे १ कोटी ७८ लाख होऊन दिसतात. खरेदीशी जोडलेली एजंटची फीही याच मालमत्तेत मिळवता येते. युनायटेडच्या हिशेबाच्या धोरणात तसं लिहिलेलंच आहे. म्हणजे दलाली हा वेगळा, डोळ्यांवर येणारा आकडा उरत नाही.

दुसरं कारण कराचं. खेळाडूच्या एजंटची फी खेळाडूने द्यावी, ही साधी गोष्ट. इंग्लंडमध्ये रूढ झालेली पद्धत अशी की एजंट दोघांच्याही वतीने काम करतो असं दाखवायचं, फी क्लबाने भरायची, आणि त्यातला साधारण अर्धा भाग खेळाडूच्या वतीने भरला असं मानून तेवढ्यावरच खेळाडूला कर लागू करायचा. खेळाडूच्या खिशाला झळ बसत नाही, म्हणून तो घासाघीस करत नाही. क्लब पैसे देतो, पण एजंटची निवड त्याची नसते. किंमत ठरवणारा आणि ती भरणारा वेगळे असले की आकडे फुगतातच.

इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन दरवर्षी क्लबवार आकडे जाहीर करते, ही चांगली प्रथा आहे. फेब्रुवारी २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात प्रीमियर लीगच्या क्लबांनी एजंटांना सुमारे १७ कोटी ४० लाख पौंड दिले. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ मध्ये हाच आकडा ४० कोटी ९० लाखांच्या पुढे गेला; एकट्या चेल्सीचे साडेसात कोटी. पण हे आकडे वाचताना सावध राहायला हवं. ते त्या वर्षात प्रत्यक्ष दिलेल्या रकमेचे असतात, त्यात जुन्या व्यवहारांचे हप्तेही आले. पोग्बाच्या व्यवहारातले युनायटेडचे १ कोटी ९४ लाख युरो पाच हप्त्यांत विभागलेले होते, त्यामुळे ते कुठल्याही एका वर्षाच्या तक्त्यात एकत्र सापडणार नाहीत. शिवाय कोणत्या खेळाडूमागे किती गेले, हे तक्ता सांगत नाहीच.

ज्यांनी घडवला त्यांचं काय

मला सगळ्यात जास्त राग इथे येतो. बारा ते तेवीस या वयात खेळाडूला ज्या क्लबांनी शिकवलं, त्यांच्यासाठी फिफाने सॉलिडॅरिटीची तरतूद केली आहे. फीच्या पाच टक्के त्यांच्यात वाटायचे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक हंगामामागे पाव टक्का, सोळा ते तेवीसमधल्या प्रत्येक हंगामामागे अर्धा टक्का.

पोग्बाच्या बाबतीत हे सूत्र लावून पाहा. सोळानंतरची बहुतेक वर्षं तर युनायटेड आणि युव्हेंटसमध्येच गेली, म्हणजे पाचपैकी साडेतीन टक्के याच दोघांच्या खात्यावर. रुआसीचे दोन हंगाम, तोर्सीचा एक, ल हाव्रचे दोन: मिळून दीड टक्का. साडेदहा कोटींचा दीड टक्का म्हणजे साधारण १५ लाख ७५ हजार युरो. ज्या तीन क्लबांच्या मैदानांवर हा खेळाडू घडला, त्या तिघांना मिळून सूत्राप्रमाणे एवढंच. एजंटला त्याच्या तीसपटीहून जास्त.

रुआसीसारख्या हौशी क्लबासाठी काही लाख युरो ही फार मोठी रक्कम असते, हे खरं. त्यातून मैदान होतं, प्रशिक्षक ठेवता येतात. म्हणूनच हे प्रमाण जिव्हारी लागतं. मधल्या फटीतले चार कोटी चौसष्ट लाख नियमाने थोडे जरी खाली झिरपले असते तरी किती अकादम्या उभ्या राहिल्या असत्या. फिफाच्याच आकडेवारीनुसार २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरमध्ये एजंटांना दिलेली रक्कम ८८ कोटी ८० लाख डॉलर होती, आणि ती आदल्या वर्षीपेक्षा ४० टक्क्यांहून जास्त वाढली होती.

नियम आले, थांबले

पोग्बाचा व्यवहार झाला तो काळ सगळ्यात मोकळा होता. एप्रिल २०१५ मध्ये फिफाने एजंटांचा परवानाच काढून टाकला होता. जो कोणी नोंदणी करेल तो मध्यस्थ. कमिशन तीन टक्के असावं, अशी निव्वळ शिफारस होती, बंधन नव्हतं.

नवे नियम २०२२ च्या डिसेंबरात मंजूर झाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण लागू व्हायचे होते. परवाना आणि परीक्षा परत आली. विकणाऱ्या क्लबाच्या एजंटला फीच्या दहा टक्क्यांची मर्यादा. खेळाडूच्या किंवा घेणाऱ्या क्लबाच्या एजंटला, वर्षाला दोन लाख डॉलरच्या वरच्या पगारावर, तीन टक्के. दोघांचाही एकच असेल तर सहा. आणि विकणाऱ्या क्लबाचा एजंट दुसऱ्या कोणाचाही एजंट असू शकणार नाही.

हे नियम २०१६ मध्ये असते तर? पोग्बाचा पगार समजा वर्षाला एक कोटी युरो धरला, तर पाच वर्षांच्या पाच कोटींवर सहा टक्के म्हणजे ३० लाख. युनायटेड आणि पोग्बा या दोघांकडून मिळून रायोलांना ठरले होते २ कोटी २० लाख. युव्हेंटसचे २ कोटी ७० लाख तर त्यांना घेताच आले नसते.

एजंट न्यायालयात गेले. २०२३ च्या मे महिन्यात डॉर्टमुंडच्या न्यायालयाने जर्मनीपुरती स्थगिती दिली. जुलैत लोझानच्या क्रीडा लवादाने फिफाची बाजू उचलून धरली. नोव्हेंबरच्या अखेरीस इंग्लंडमधल्या लवादाने फीवरची मर्यादा स्पर्धा कायद्यात बसत नाही असं ठरवलं. ३० डिसेंबर २०२३ ला फिफाने वादातली कलमं, युरोपीय संघाच्या न्यायालयाचा निकाल येईपर्यंत, जगभर स्थगित केली. फीची मर्यादा त्यात होतीच. एकापेक्षा जास्त बाजूंचं प्रतिनिधित्व करण्यावरची बंदीही त्यात गेली.

मर्यादेबद्दल एजंटांचा आक्षेप मला समजतो. सेवेची किंमत बाजारात ठरावी, संघटनेने ठरवू नये, हा मुद्दा कायद्यात टिकणारा आहे. त्यातून ही मर्यादा ठरवताना क्लबांच्या प्रतिनिधींचाही शब्द चालतो, म्हणजे काहीसं गिऱ्हाइकाने दुकानदाराचा भाव ठरवण्यासारखं. पण तीन खुर्च्यांवरची बंदी हा वेगळा विषय आहे. तिचा किमतीशी संबंध नाही, ती निष्ठेबद्दल आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोतडीत बांधून फिफाने चूक केली असं माझं मत आहे. मर्यादा अडली आणि तिच्याबरोबर बंदीही अडली.

पुढे काय झालं हेही पाहायला हवं. पोग्बा युनायटेडमध्ये सहा वर्षं राहिला. २०१७ च्या युरोपा लीग फायनलमध्ये त्याने गोल केला, २०१८ मध्ये फ्रान्सकडून विश्वचषक जिंकला, पण क्लबात सातत्य कधी आलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये, लाइपझिगविरुद्धच्या निर्णायक सामन्याच्या आदल्या दिवशी, रायोलांनी मुलाखतीत सांगून टाकलं की पोग्बाचं युनायटेडमधलं पर्व संपलं आहे. दुसऱ्या दिवशी युनायटेड ३-२ ने हरलं आणि चॅम्पियन्स लीगमधून बाहेर पडलं. एप्रिल २०२२ मध्ये रायोलांचं निधन झालं. त्याच उन्हाळ्यात करार संपला आणि पोग्बा पुन्हा युव्हेंटसला गेला. या वेळीही युनायटेडला ट्रान्सफर फी मिळाली नाही.

न्यायालयांचं काय व्हायचं ते होवो, क्लबांना एक गोष्ट आजही करता येते आणि त्यासाठी फिफाच्या परवानगीची गरज नाही. सही करण्याआधी एजंटकडून लेखी घ्यायचं: या व्यवहारात तुला दुसऱ्या क्लबाकडून, खेळाडूकडून आणि कोणत्याही जुन्या कराराखाली किती मिळणार आहे, आणि किंमत वाढली तर त्यात किती वाढ होणार आहे. उत्तर द्यायला नकार असेल तर सही नाही. आणि हा कागद आर्थिक समितीपुरता न ठेवता संपूर्ण संचालक मंडळासमोर यायला हवा, ट्रान्सफर फीच्या शेजारच्याच ओळीत. २०१६ मध्ये युनायटेडच्या मंडळासमोर २ कोटी ७० लाखांची ती ओळ असती, तर साडेदहा कोटींवर घासाघीस करायला त्यांच्या हाती निदान एक मुद्दा तरी आला असता.